टर्कीचे वाटे

मार्थाला घड्याळ कळत नाही असे कुणी म्हटले की तिला राग येई.

"कळतं मला," ती म्हणे. "पण ते सगळ्यांना एकच सांगतं. भाताला तेच, मटणालाही तेच. त्याला काय विचारायचं?"

ती विचारी लाकडाला. लाकूड खोटे बोलत नाही, हे ती जंगलात शिकली होती. लग्नानंतरची सहा-सात वर्षे ती आणि तिचा नवरा दर हिवाळ्यात गुजरातच्या हद्दीत ठेकेदाराच्या कोळसाभट्ट्यांवर जात. साग भडकतो आणि विझतो. बाभूळ तडतडते, पण टिकते. धावड्याचा निखारा सकाळी राखेखाली झाकला तर दुपारी लाल सापडतो. आणि खैर जळायला लागला की माणसाने झोपून उठावे, तो जळतच असतो. हे सगळे शिकता शिकता नवरा तापाने गेला. मार्था लहानग्या रूथला कडेवर घेऊन परत आली आणि मिशनच्या बंगल्यात भांडी घासायला लागली.

हा बंगला नवापूरच्या पुढे, रंगावलीच्या काठाने दोन कोस गेल्यावर एका टेकडीवर होता. खाली शाळा, शाळेखाली मिशनचे देऊळ, आणि देवळाखाली उतारावर ख्रिस्ती घरांची वाडी. घरे सात. त्यातले एक मार्थाचे. साल होते एकोणीसशे छत्तीस.

अकरा वर्षे तिने भांडी घासली. स्वयंपाक आंतोन खानसामा करी. तो चुलीपाशी कुणाला उभे राहू देत नसे, पण मार्था पाठमोरी बसून भांडी घासत सगळे पाहत असे. पाठमोऱ्या बाईला नाकाने दिसते. दिवाळीच्या सुमाराला आंतोनला मुंबईत बोटीवर काम मिळाले आणि तो निघून गेला. त्या दिवसापासून मार्था चुलीपुढे उभी राहिली. तिला कुणी सांगितले नाही, कुणी हटकलेही नाही.

मग धुळ्याच्या बाजूहून निरोप आला. तिथल्या मिशनच्या हार्परबाई वयाने आणि मानाने सगळ्यांत मोठ्या. त्यांच्या पाहण्यात एक तयार खानसामा होता. नव्या वर्षाला तो येऊ शकेल. भांडी घासायला त्याची बायकोच आहे.

बंगल्याच्या लिंडबाईंना नवऱ्यासोबत, लिंडसाहेबांसोबत, अमेरिकेहून येऊन दोनच वर्षे झाली होती. त्या मराठी पुस्तकातून शिकल्या होत्या आणि पुस्तकासारखेच बोलत.

"मार्थाबाई, मी अद्याप काहीही निश्चित केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "नाताळचं जेवण होऊ द्या. हार्परबाई स्वतः येणार आहेत. त्यांना पाहू द्या."

मार्थाने मान हलवली आणि घरी येऊन शेजारच्या मोतीबाईला सांगितले. मोतीबाईला कुणाची जखम दिसली की बोट लावून पाहिल्याशिवाय राहवत नसे.

"म्हणजे परीक्षा गं तुझी," मोतीबाई म्हणाली. "पास झालीस तर खानसामीण. नापास झालीस तर कोळसा."

"रूथ सहावीत आहे," मार्था म्हणाली.

"भट्टीवर शाळा नाही," मोतीबाई म्हणाली. मग तिलाच ते बरे वाटले नाही. तिने मार्थाला मूठभर शेंगा दिल्या.

टर्की सुरतेकडच्या गाडीने आली. बांबूच्या मोठ्या पाटीत, जिवंत. नवापूर स्टेशनच्या धुडकू हमालाने ती डोक्यावर घेतली आणि दोन कोस तिच्याशी भांडत आला. पाटी अंगणात ठेवून त्याने हात दाखवला.

"हाई काय शे वं माय? मोर शे का गिधाड शे? तेनी मन्हा हातले चोच मारी."

"साहेबांचा कोंबडा आहे," मार्था म्हणाली.

"कोंबडा?" धुडकूने पाटीत पाहिले. आतून टर्कीने त्याच्याकडे पाहिले. "मग तुमना साहेबनी कोंबडी कितली मोठी व्हई?"

टर्की बाहेर काढली तेव्हा सगळी वाडी गोळा झाली. ती अंगणात पिसे फुलवून हिंडली. तिच्या गळ्याखालचे लाल कातडे हलत होते. पोरे तिच्यामागे आणि टर्की पोरांमागे, असे संध्याकाळपर्यंत चालले.

दुसऱ्या दिवशी लिंडबाई त्यांच्या आईने लिहून दिलेला कागद घेऊन स्वयंपाकघरात आल्या. सोबत मनगटातले घड्याळ. त्या स्टुलावर बसल्या. मार्था जमिनीवर.

"मार्थाबाई, आपण नियोजन करू या. टर्की सकाळी दहा वाजता पेटीत."

पेटी म्हणजे पत्र्याची मोठी पेटी. खाली निखारे, वर झाकणावर निखारे, आत पाव भाजत. बंगल्यात अशी एकच होती.

"बरं," मार्था म्हणाली.

"भोपळ्याचा पाय दहा वाजता पेटीत." पाय म्हणजे पिठाच्या पारीत गोड सारण भरून भाजायचे साहेबी पक्वान्न.

मार्थाने पेटीकडे पाहिले. "कुठे ठेवू? टर्कीच्या पाठीवर?"

लिंडबाईंनी कागद पुन्हा वाचला. "पाव साडेदहा वाजता."

"तेही पेटीत?"

"हो. आणि बटाटे अकरा वाजता."

"मॅडम, ही पेटी आहे की रेल्वेचा डबा?"

लिंडबाईंनी कागद खाली ठेवला. त्यांच्या आईच्या चुलीला वर चार तोंडे होती आणि खाली दोन भट्ट्या. हे त्यांनी हाताने हवेत काढून दाखवले. मार्थाने हवेतली ती चूल नीट पाहून घेतली.

"तुमच्या आईकडे जागा होती," ती म्हणाली. "आपल्याकडे दिवस आहेत. पाव आणि पाय आदल्या दिवशी करू. टर्कीला पेटी एकटीला देऊ. बटाटे तिच्याच खाली, तिच्या चरबीत. पुडिंग वाफेवर, ते मागच्या चुलीवर. उरला रस्सा. तो शेवटी."

"आणि वेळ?"

"उद्या दाखवते."

दुसऱ्या दिवशी लिंडबाई स्वयंपाकघराच्या मागे गेल्या आणि थांबल्या. दारापासून विहिरीपर्यंत भिंतीलगत लाकडांच्या राशी लावलेल्या होत्या. दारापाशी बाभळीची रास, ती पावाची. तिच्यापुढे बाभूळ आणि सागाच्या चिपा, तो भोपळ्याचा पाय. मग पुडिंगची रास. मग सगळ्यांत मोठी, खैर आणि धावडा, एकावर एक रचलेली. ती टर्की. आणि विहिरीजवळ तुरीच्या काटक्यांची एक जुडी.

"हे काय आहे?" लिंडबाईंनी जुडीकडे बोट केले.

"रस्सा. तुरीच्या काटक्या भसकन पेटतात आणि संपतात. रश्शाला तेवढंच पाहिजे. दारापासून सुरू करायचं. विहिरीशी पोचलं की जेवण तयार."

लिंडबाई त्या राशींच्या बाजूने चालत गेल्या. पुन्हा परत आल्या. त्यांचे जेवण त्यांनी असे पायांनी कधी पाहिले नव्हते. टर्कीच्या राशीपाशी त्या थांबल्या.

"ही कमी आहे."

"कोंबड्याच्या चौपट धरलीय."

"हा कोंबडा नाही, मार्थाबाई. छाती फार जाड असते. आत कच्ची राहते. माझ्या मावशीची राहिली होती. अजूनही लोक बोलतात."

मार्थाला पटले नाही. ती अंगणात गेली, टर्कीला पकडले आणि छातीवर हात दाबला. टर्कीने तिच्या कोपराला चोच मारली. मार्था परत आली आणि मुकाट्याने राशीवर खैराचे दोन ओंडके चढवले.

त्या राशींचा वाडीत मोठा बोलबाला झाला. पोरांना तिकडे फिरकायची बंदी झाली. मोतीबाई मुद्दाम फिरकली.

"एक धावड्याचं दे गं. माझी चूल विझतेय."

"ते टर्कीचं आहे."

"टर्की अजून हिंडतेय. तिला आत्ता कशाला लाकूड?"

"मोती, हात लावलास तर तुला पेटीत घालीन."

"मला घालशील तर आणखी दोन ओंडके लागतील," असे म्हणून मोतीबाई गेली.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी पहिली रास पेटली. थंडी चांगली होती. टर्की सकाळीच मारून, साफ करून, रात्रभर गारव्यात टांगायची, असे ठरले होते. ते काम रेवजीकाकाचे. रेवजी मार्थाच्या बापाचा धाकटा भाऊ. वाडीतले लग्न असो, बारसे असो, जनावर त्याच्याच हाताखालून जाई. त्याच्यासारखी सुरी कुणाची नव्हती आणि त्याच्यासारखी नजरही नव्हती.

"काका, पिसं गरम पाण्यात काढा," मार्था म्हणाली. "काळीज टाकू नका. मला रश्शाला पाहिजे."

"मला शिकवतेस? तुझ्या लग्नाचा बोकड मी केला."

"म्हणून सांगते. त्याचं काळीज कुणाला दिसलं नव्हतं."

रेवजी हसला आणि टर्की काखेत मारून ओढ्याकडे गेला. मार्था पावाकडे वळली. पाव फुगले, भाजले, निघाले. मग भोपळा. तिने पावाला वेळ दिला, पायाला दिला, रश्शाच्या काटकीलाही दिला. जनावर मारण्यावर मात्र तिने विचार खर्च केला नाही. ते काम कसे करतात हे वाडीत कुणाला सांगावे लागत नाही. नेमके तेच घडले.

भोपळ्याचा पाय पेटीतून काढून ती हात पुसत बाहेर आली. अंगणात पळसाची पाने ओळीने मांडली होती. प्रत्येक पानावर मांस. छातीचा एक तुकडा, हाडाचा एक तुकडा, थोडी चरबी, आणि वर काळजाची एक फोड. आठ पाने. कुठेही जास्त नाही, कुठेही कमी नाही. रेवजी उकिडवा बसून एका पानावरची काळजाची फोड उचलून दुसऱ्यावर ठेवत होता, आणि पुन्हा लांबून पाहत होता.

मार्थाने आधी आपला वाटा पाहिला. तिच्या पानावरचे हाड मोतीबाईच्या हाडापेक्षा बारीक होते. तसे सांगायला तिने तोंड उघडले, आणि ते तसेच उघडे राहिले.

"काका, हे काय?"

"वाटे."

"कुणी सांगितलं?"

रेवजीला प्रश्न कळला नाही. "कोंबडं असतं तर अख्खं तुझ्या हातात दिलं असतं. हे बकरीच्या पिल्लाएवढं. एवढं जनावर एका घरात शिजतं का कधी? हा बघ, हा बंगल्याचा. मालकाचा मान म्हणून डोकं त्यात ठेवलंय."

डोके पानावर डोळे मिटून पडले होते. लाल कातडे एका बाजूला नीट पसरून ठेवले होते.

ती पुढे काही बोलेपर्यंत मोतीबाई आली आणि आपले पान उचलून गेली. सुगंधाबाईचा मुलगा आला. मग एकेक घर आले. वाटा उचलला की उचलला. तो परत मागणे म्हणजे त्या घराला तुम्ही आमचे नाही असे सांगणे. वाडीत बायकोला माहेरी धाडलेली माणसे होती, जमिनीवरून डोकी फोडलेली होती. वाटा परत मागितलेला माणूस नव्हता. आठपैकी सहा पाने गेली. दोन राहिली. एक बंगल्याचे आणि एक मार्थाचे.

मार्था टर्कीच्या राशीवर बसली. खैराचे ओंडके टणक होते. भट्टीवरच्या भाकरीला राखेची चव असायची. रात्रंदिवस डोळ्यांत धूर. तिथे रूथ काय वाचणार होती?

मोतीबाई पान घरात ठेवून परत आली. तिला आता कळले होते.

"कोल्ह्यानं नेली म्हण."

"कोल्ह्यानं पिसं काढून नेली?"

"मग शिवून टाक. माझ्याकडे दाभण आहे."

"तुझा तुकडा देशील शिवायला?"

मोतीबाईने आपल्या घराकडे पाहिले. मागितला असता तर तिने दिला असता आणि मग आयुष्यभर बोलली नसती. दोघींनाही ते ठाऊक होते.

मार्थाला रेवजीचा राग आला. पण ज्या माणसाने काहीच चुकवले नाही त्याच्यावर ओरडायचे कसे? ती काहीतरी चूक शोधू लागली. आणि तिला सापडली.

"काका," ती म्हणाली, "पाहुण्यांचे वाटे कुठे आहेत?"

"कोण पाहुणे?"

"उद्या हार्परबाई येणार. नंदुरबारचे साहेब येणार, त्यांची मडम येणार. त्यांची पानं कुठे मांडलीत?"

रेवजीने ओळीकडे पाहिले. ओळ आता नव्हतीच. त्याचा चेहरा उतरला. टर्की कापल्याचे त्याला काही नव्हते. पण पाहुणा मोजायचा राहिला, हे त्याच्या हातून पहिल्यांदा झाले होते.

"मला वाटलं ते त्यांचं खाऊन येतील," तो हळू म्हणाला.

"नाताळला?"

रेवजीने सुरी पुसली, म्यानात घातली. "वाटे झाल्यावर पाहुणा आला तर घरोघरचा घास निघतो. माझ्या बापानेही काढलाय. मीच जातो. माझी चूक, मीच मागतो."

"थांबा," मार्था म्हणाली. ती ओंडक्यांवरून उठली होती आणि त्यांच्याकडेच पाहत होती. "कच्चा मागू नका. शिजलेला मागा."

पण आधी बंगल्यात सांगायला हवे होते. लिंडबाई व्हरांड्यात कागदी तारे टांगत होत्या. मार्थाने सगळे सांगितले, काही झाकले नाही. लिंडबाई शिडीवरून उतरल्या, अंगणात आल्या आणि पानावरच्या डोक्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"माझी आई अख्खी टर्की मेजावर ठेवत असे," त्या म्हणाल्या. "सगळे वाहवा करत. मग वडील सुरी घेऊन उभे राहत."

"आणि?"

"आणि प्रत्येकाच्या ताटात एकेक तुकडा ठेवत."

"म्हणजे वाटेच."

लिंडबाईंनी विचार केला. "हो. पण शिजल्यावर."

"आमच्यात आधी. फरक तेवढाच."

"मार्थाबाई, हार्परबाईंना तेवढाच फरक दिसेल," लिंडबाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. पण त्यांच्या आवाजात धुळ्याचा खानसामा होता. "आता तुम्ही काय करणार?"

"एका पेटीत जे सकाळभर शिजणार होतं ते सात चुलींवर शिजवणार. पेटी मोकळी झाली. पाव उद्या पुन्हा गरम करता येतील, बटाटे कुरकुरीत होतील. फक्त सातही हांड्या एकदम उतरायला पाहिजेत. एक गार आणि एक कच्ची, असं चालणार नाही." मार्था थांबली. पुढचे बोलायला तिला जड गेले. "त्याला तुमचं घड्याळ लागेल."

टर्कीची रास मोडली. वाटे करायला पुन्हा रेवजीच बसला. त्याने खैर आणि धावडा सात ठिकाणी लावला, उभा राहून लांबून पाहिला, एक ओंडका फोडून अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे केला. बंगल्याचा वाटा मार्थाच्या हांडीत जाणार होता, म्हणून तिला एक चीप जास्त. मार्थाने पावाचा कुस्करा, कांदा आणि लोणी कालवून घरोघर दिले. सोबत ताकीद.

"मिरची घालायची नाही. मीठ आणि लोणी. कणकेने झाकण लावायचं. खाली निखारे, वर निखारे. मधे उघडून पाहायचं नाही."

"मिरची नाही तर चव कशाची?" मोतीबाईने विचारले.

"टर्कीची."

"ती कुणी खाल्लीय?"

"मोती, मिरची दिसली तर तुझी हांडी बंगल्याची पायरी चढणार नाही."

नाताळच्या सकाळी पाहुणे आले. हार्परबाई छकड्यातून उतरल्या. उंच, पांढरे केस, हातात काठी. त्यांनी बंगला पाहिला, तारे पाहिले, आणि लिंडबाई कुठे आहेत असे विचारले. लिंडबाई तेव्हा वाडीत होत्या. घड्याळ हातात धरून त्या दारोदार फिरत होत्या आणि प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणत होत्या, "बायांनो, आता निखारे ठेवा." सातही घरांतून धूर एकदम उठला. मार्थाने उतारावरून तो पाहिला. घड्याळ सगळ्यांना एकच सांगते, यात काही वाईट नाही असे तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले.

मग सगळे देवळात गेले. हिशेब साधा होता. उपासना संपेल तेव्हा हांड्या उतरतील. नेहमीची उपासना मार्थाला पाठ होती. पण त्या दिवशी प्रवचन नंदुरबारच्या साहेबांचे होते. ते मेंढपाळांपासून सुरू झाले. मग मेंढरांकडे गेले. मग मेंढरांच्या कुरणाकडे. ते कुरण फार मोठे होते.

लिंडबाईंनी पुढच्या बाकावर घड्याळ पाहिले आणि मागे वळून मार्थाकडे पाहिले. मार्था खिडकीशी बसली होती. तिला वास येत होता. धावडा आता उतरणीला लागला होता. आणखी थोडे कुरण, की सात हांड्या करपल्या.

साहेब श्वास घ्यायला थांबले.

"आमेन," मार्था मोठ्याने म्हणाली.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिले.

"आमेन," मोतीबाई म्हणाली. मग सुगंधाबाई. मग सातही घरच्या बायका, एकीमागून एक. पुरुषांना कारण माहीत नव्हते, पण तेही म्हणाले. साहेबांचे डोळे भरून आले. इतक्या लवकर वचन लोकांच्या मनात उतरलेले त्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी पुस्तक मिटले आणि शेवटचे गीत सांगितले. ते गीत त्या देवळात त्या दिवशीइतके भरभर कधी म्हटले गेले नाही.

सात हांड्या बंगल्याच्या मेजावर ओळीने आल्या. काळ्या, मातीच्या, कडेला भाजलेली कणीक. मेजावर पांढरी चादर होती, मेणबत्त्या होत्या, करवंदांचा मुरंबा काचेच्या वाटीत होता. हांड्यांच्या मागे रेवजी उभा राहिला. धुतलेला सदरा घालून, हातात पळी. चूक त्याची होती, तेव्हा वाढणार तोच. लिंडसाहेबांना सुरी घेऊन उभे राहायचे होते. रेवजीने त्यांना खुर्ची दाखवली. ते बसले.

"टर्की कुठे आहे?" हार्परबाईंनी विचारले. त्यांचे मराठी जुने आणि पक्के होते.

"येतेय," रेवजी म्हणाला. त्याने प्रत्येक हांडीतून एक घास त्यांच्या ताटात ठेवला आणि पळीने दाखवत गेला. "ही सुगंधाबाईची. ही आमच्या घरची. ही त्या कोपऱ्यातल्या रंजनाबाईची. ही मार्थाची, यात बंगल्याचाही वाटा आहे. सात घरं आहेत बाई. पाहुण्याला सगळ्यांकडचं."

मार्था पडद्याआड उभी होती. तिच्या मागे बाकीच्या सहा जणी. पडदा हलत होता.

हार्परबाई सावकाश जेवल्या. एकेक घास, एकेका घरचा. एका घासापाशी त्या थांबल्या. पाणी प्यायल्या.

"हे कुणाचं?"

"मोतीबाईचं," रेवजी म्हणाला.

"यात मिरची आहे."

"नाही हो बाई," पडद्यामागून मोतीबाईचा आवाज आला. "हांडी जुनी आहे. मिरची तिच्या अंगातच असेल."

मार्थाने तिला चिमटा काढला. मेजापाशी कुणीतरी हसले. हार्परबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढचा घास घेतला.

जेवण झाले, भोपळ्याचा पाय संपला, तेव्हा त्या काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या. मार्था उभी राहिली. हार्परबाईंनी मोकळी पेटी पाहिली, भिंतीलगतच्या उरलेल्या चिपा पाहिल्या.

"दोन हांड्यांतली कोरडी होती," त्या म्हणाल्या.

"हो बाई. त्यांचं मडकं पातळ आहे."

"चारांतली चांगली होती. एकीबद्दल मी बोलत नाही."

"मी बोलणार आहे तिच्याशी."

"मी चाळीस वर्षं या देशात नाताळ केला. टर्की दरवेळी आत कच्ची नाहीतर बाहेर जळकी. सगळे वाहवा करतात आणि बटाटे खातात." त्यांनी काठीने अंगणाकडे दाखवले. बाहेर सहा जणी आपापल्या रिकाम्या हांड्या काखेत घेऊन उभ्या होत्या. मोतीबाई सांगत होती की तिचीच आधी संपली. सुगंधाबाई सांगत होती की लोकांना पाणी पिऊन पिऊन संपवावी लागली.

हार्परबाई ते ऐकत राहिल्या. मग लिंडबाईंकडे वळल्या.

"त्या खानसाम्याला मी नको म्हणून कळवते. चांगला माणूस आहे. त्याला चुलीपाशी शांतता लागते. इथे तो आठवडाभर टिकणार नाही."

लिंडबाई मार्थापाशी आल्या. त्यांनी कमरेची कोठीची किल्ली काढली आणि मार्थाच्या हातावर ठेवली. मग पुस्तकातले एखादे योग्य वाक्य शोधत थोडा वेळ उभ्या राहिल्या. सापडले नाही. त्या पाहुण्यांकडे गेल्या.

मार्था पुढे त्या बंगल्यात बारा वर्षे स्वयंपाकीण होती. टर्की त्या काळात आणखी पाच-सहा वेळा आली. रेवजी जिवंत असेतो प्रत्येक वेळी पाने मांडली गेली, पाहुण्यांची आधी मोजून. पण मार्थाला त्या सगळ्या नाताळांपेक्षा त्यांतल्या पहिल्या नाताळच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ जास्त आठवे.

पाहुणे गेले होते. ती चुलीपुढे बसली होती. लिंडबाई दारात आल्या.

"मार्थाबाई, आज दुपारी काय?"

हा प्रश्न तिने पाठमोरी बसून अकरा वर्षे ऐकला होता. तो आंतोनला विचारला जाई. आंतोन मान वर न करता सांगे, सूप, कटलेट, कस्टर्ड. तिला विचारला तर ती काय सांगेल, हे तिने भांडी घासता घासता शंभरदा ठरवले होते. त्यातले एकही आता आठवेना.

"डाळ-भात," ती म्हणाली. "आणि वांग्याचं भरीत."

"छान," लिंडबाई म्हणाल्या. "आणि रात्री?"

"रात्रीचं रात्री सांगते," मार्था म्हणाली.